आत्याच्या गाडीचं तेल

बाबा माझ्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई गेली." बाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, माझी आत्या. आसेगावच्या घरी चहा ठेवता ठेवता ती खाली बसली ती उठलीच नाही, असं शेजारच्यांनी फोनवर कळवलं होतं. एवढंच सांगून बाबा अंगणात गेले. मला वाटलं, निघायची तयारी करत असतील. खिडकीतून पाहिलं, तर ते आत्याच्या मोटरसायकलजवळ नुसते उभे होते...

ती गाडी मूळची मामाजींची, आत्याच्या नवऱ्याची. ते गेल्यावर ती विकली जाईल असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. आत्यानं मळ्याच्या वाटेवर स्वतःच शिकून घेतली आणि पुढे कित्येक वर्षं मेथी, वांगी, भेंडी लादून ती एकटी वाशीमच्या बाजारात येत राहिली. माल संपला की आमच्याकडे चहा. चहाचं निमित्त इंजिनाचं असे. गाडी बंद केल्यावर तेल खाली उतरायला वेळ द्यावा लागतो, आणि ते पाहिल्याशिवाय ती परतीला निघत नसे. एकदा भर उन्हात, आजूबाजूला कोणी नसताना इंजिन जाम झालं होतं. पुढच्या गावापर्यंत तिनं गाडी ढकलत नेली होती. "म्हातारं इंजिन तेल पेते," ती म्हणायची. "सोबत कोणी असलं तं ढकलू लागते. एकटीनं पाहूनच निंघा लागते."

तेल दिसायची गोल काच इंजिनाच्या उजव्या अंगाला, अगदी खाली. तेल तिच्यावरच्या दोन रेषांच्या मधे हवं. पण गाडी सरळ उभी असेल तरच ते खरं दिसतं. डबल स्टँड शेताच्या वाटेला घासतो म्हणून मामाजींनी कधीच काढून टाकला होता. गाडीवर बसून ती सरळ धरावी, तर काच दिसत नाही. काच पाहायला उतरावं, तर गाडी कलते. आत्यानं पोहरादेवीच्या जत्रेतून तळहाताएवढा आरसा आणला होता. तो विटेला टेकवून जमिनीवर ठेवायचा, लुगडं खोचून गाडीवर बसायचं, चवड्यांवर जोर देऊन गाडी सरळ करायची आणि मान वाकवून आरशात पाहायचं.

"बाई, पावडर लावून राह्यली काय?" बाबा ओट्यावरून विचारायचे.

"इंजिनले लावतो. उरली तं तुले."

मी इंग्रजी शाळेत शिकले, पण कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. "काय व, तुह्या शाळेत बोलाची फी अलग हाय काय?" असं आत्या चिडवायची, आणि मग मला मागे बसवून गावाबाहेर चक्कर मारून आणायची. तिच्या मागे बसलं की बोलावं लागत नसे. एकदा मी गाडी धरू का विचारलं, तर म्हणाली, "नोको. रस्त्यानं तू राह्यतं काय माह्यासंग?"

गेल्या वर्षी तिला दम लागायला लागला. बाबांनी हट्टच धरला, गाडी बंद. दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी आत्या म्हणाली, "बापू, ज्या दिवशी मले एकटीनं तेल पाहता नाई आलं, त्या दिवशी चाबी तुह्या हातात देईन. तोवर बोलू नोको." तेव्हापासून प्रत्येक बाजाराच्या दिवशी बाबा ओट्यावर येऊन उभे राहायचे. मीही. गाडी सरळ झाली की मला हायसं वाटे. बाबांना काय वाटत असेल, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका बाजाराला बाबांना फोन आला म्हणून ते आत गेले होते. आत्यानं जोर लावला. गाडी अर्धी उठली आणि परत कलली. दुसऱ्यांदाही तेच. मी पुढे झाले. तिनं आधी मान हलवली, थोडा वेळ हँडलवर हात ठेवून बसून राहिली... मग म्हणाली, "धर." मी धरली. तिनं आरशात पाहिलं. "बरोबर हाय."

मी हळूच म्हटलं, "बाबांनी पाहिलं नाही, आत्या."

ती हसली. "त्यानं नाई पाह्यलं. म्या तं पाह्यलं ना." आणि तिनं हाक मारली, "बापू, बाहीर ये. चाबी घे."

त्या दिवशी बाबा तिला कारनं आसेगावला सोडून आले. गाडी आमच्याच अंगणात राहिली. पुढच्या बाजाराला आत्या टोपल्या घेऊन ऑटोनं आली. आमच्या फाटकाशी उतरता उतरता तिनं ऑटोवाल्याला विचारलं, "भाऊ, तेल पाह्यलं काय?"

"आजी, गॅसवर चालते हे."

"गॅसवर चालत असन. इंजिनात काय पानी टाकतं?"

तो निमूट उतरला आणि मागचं झाकण उघडून बसला. आत्या त्याच्यासाठीही चहा सांगायला आत आली. गाडी गेली म्हणून ती कुठे कमी झाली आहे, असं मला त्या दिवशी जराही वाटलं नाही.

आता ती गेल्याला काही आठवडे झाले. गाडी विकायची गोष्ट बाबा काढत नाहीत. रविवारी ते ती अंगणात ओढतात, थोडा वेळ सुरू ठेवतात, बंद करतात आणि ओट्यावर बसून चहा पितात. तेल उतरू देतात. मग मला हाक मारतात. आरसा गाडीच्या पिशवीतच आहे, पण तो काढत नाहीत. ते गाडीवर बसून ती सरळ धरतात, मी उजव्या बाजूला उकिडवी बसते.

"किती हाय?"

"तेवढंच आहे, बाबा."

गाडी कुठे जातच नाही, तर तेल कमी होणार कसं... बाबा मान हलवतात, पण गाडी लगेच साइड स्टँडवर टेकवत नाहीत.