सिस्टरसाठी लिहिलेलं पान

माझ्या पापण्या पहिल्यांदा सुजल्या तेव्हा आईने दोष डासांना दिला. आम्ही डोंबिवलीला राहायचो. घरामागे भातखाचरं होती आणि डासांना तोटा नव्हता, त्यामुळे मलाही ते पटलं. पण मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, कातडी लाल झाली, बारीक चिरा पडल्या. रविवारी घरी असले की जरा उतरायचं आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत पुन्हा वर यायचं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीला एवढ्यावरून कारण कळायला हरकत नव्हती. मला ते मान्य करायचं नव्हतं, इतकंच.

स्वातंत्र्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. एम.एस्सी. होऊन मी ठाण्याच्या एका औषध कंपनीत संशोधनाच्या कामाला लागले होते. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नवं होतं. क्षयाचा रोगी म्हटलं की घरातली भांडी वेगळी काढायची आणि वाट बघत बसायचं, हे बघत आम्ही लहानाचे मोठे झालो होतो. आता तेच रोगी इंजेक्शनं घेऊन चालत घरी जात होते. आपल्याकडच्या उकाड्यात आणि दमट हवेत या औषधाचा जोर किती टिकतो, ते तपासायचं माझं काम होतं. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, मध्ये औषधाचा थेंब ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतू मेल्याचं गोल, स्वच्छ वर्तुळ किती मोठं झालंय ते मोजायचं. झाकण उघडताना रोज छातीत धडधडायचं. परीक्षेचा निकाल बघावा तसं.

त्याच औषधाची माझ्या हातांना बाधा झाली होती. आमच्या विभागाच्या साहेबांनी एक दिवस माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "उद्यापासून तुम्ही या खोलीत पाऊल ठेवायचं नाही."

"साहेब, मी हातमोजे घालीन."

"हातमोजे पापण्यांवर घालणार का? ही भुकटी हवेत असते. असंच चालू ठेवलंत तर पुढे नुसत्या वासाने सुजाल. वर डॉक्टरांकडे जा."

हे डॉक्टर म्हणजे कंपनीचे वैद्यकीय सल्लागार. फौजेतून निवृत्त झालेले, उंच, पांढऱ्या मिश्यांचे गृहस्थ. मी रडवेली होऊन त्यांच्यासमोर बसले. त्यांनी माझे हात खिडकीच्या उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! काय सुरेख नमुना आहे!" ते म्हणाले. मग माझ्याकडे लक्ष जाऊन थोडे ओशाळले. "माफ करा हं. त्रास होतोय तुम्हाला, कळतंय मला. पण हे बघा."

त्यांनी टेबलावरची पत्रं माझ्यापुढे सरकवली. जिल्ह्यातल्या आणि बाहेरच्याही डॉक्टरांची होती ती. तक्रार एकच. क्षयाच्या वॉर्डात इंजेक्शनं देणाऱ्या सिस्टरांचे हात चिरतात, डोळे सुजतात. काही जणींनी बदली मागितली होती. एका ठिकाणी हा संसर्ग समजून बिचारीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं.

"यांना कोणीतरी नीट समजावून सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले. "मला रोग कळतो, पण लिहिता येत नाही. फौजेत चार ओळींच्या वर लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्हाला औषध माहीत आहे आणि त्रासही माहीत आहे. लिहा तुम्ही. आणि मराठीत लिहा. इंजेक्शन सिस्टर देतात, त्यांच्यासाठी लिहा."

मी घरी आले ती वेगळ्याच तंद्रीत. प्रयोगशाळा सुटल्याचं दुःख होतं, पण त्याच्या शेजारी दुसरंच काहीतरी वळवळायला लागलं होतं. वडील कल्याणच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना सांगितल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

"तू लिहिणार? मराठीत? शास्त्रीय विषयावर?"

"हो, पण शब्द तुम्ही सुचवायचे."

मग काय विचारता! जेवणं झाली की आम्ही दोघं पडवीत बसायचो. ते कोश उघडायचे आणि मी लिहायची. इंजेक्शनला त्यांनी 'अंतःक्षेपण' काढलं. खाजेला 'कंडू'. आई ताटं उचलता उचलता म्हणायची, "खाजेला खाज म्हणा की," आणि वडील तिच्याकडे दुर्लक्ष करायचे. मला तर प्रत्येक शब्द दागिन्यासारखा वाटत होता. सहा पानं भरली. औषधाचा शोध कसा लागला, त्याची रासायनिक घडण, त्वचेची रचना, परदेशातली निरीक्षणं, आणि सगळ्यात शेवटी काळजी काय घ्यावी ते.

डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि चष्मा काढला.

"हे अंतःक्षेपण कोणत्या रोगाचं नाव?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

"असं बघा," ते म्हणाले, "वॉर्डात खाटांची रांग आहे. सिस्टरच्या हातात सिरिंज आहे. तिला तुमचं पान वाचायला मिळणार चहा प्यायच्या वेळात. तिला काय करायचं ते हवंय, आणि ते तुम्ही सहाव्या पानावर लपवलंय."

प्रयोगशाळेत आम्ही जे केलं ते आधी लिहायचो, मग जे दिसलं ते, आणि त्यातून काय निघालं ते शेवटी. इथे सगळं उलटं होतं. शेवट आधी आणायचा, आणि बाकीचं लागेल तेवढंच. ठाणे स्टेशनच्या बाकावर बसून मी सहा पानं पुन्हा वाचली आणि माझी मलाच गंमत वाटायला लागली. किती मोठा फेरा घातला होता मी! कल्याणकडची गाडी आली आणि गेली, तरी मी खाली मान घालून वाक्यं खोडत बसले होते. घरी पोचले तेव्हा सहा पानांचं एक पान झालं होतं. वडिलांनी ते वाचलं, अंतःक्षेपण गेल्याचं पाहून सुस्कारा टाकला आणि म्हणाले, "कळतंय मात्र चटकन."

पान डॉक्टरांना पसंत पडलं. पण माझ्या डोक्यात प्रयोगशाळेचा किडा होता. मी म्हटलं, "छापायच्या आधी तपासून बघू या का?"

"काय तपासायचं? औषध थोडंच आहे ते?"

"वाचून माणूस खरंच तसं करतो का, ते तपासायचं."

डॉक्टरांनी लगेच कल्याणच्या एका छोट्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. तिथे क्षयाच्या रोग्यांसाठी वेगळा वॉर्ड होता. स्टेशनवरून टांगा करून मी पोचले. वॉर्डाच्या मुख्य सिस्टर चाळिशीच्या होत्या, आवाज खणखणीत. त्यांच्या बोटांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. मी माझे हात पुढे केले. त्यांनी ते पाहिले आणि काही न विचारता मला आपल्या खोलीत नेऊन चहा दिला.

औषधाच्या रिकाम्या बाटलीत साधं पाणी भरलं. सिरिंज घेतली. पान त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे वाचा आणि वाचाल तसं करून दाखवा. मी मध्ये बोलणार नाही."

या त्रासाचं खरं मूळ असं होतं. सिरिंजमध्ये औषध ओढलं की हवेचा बुडबुडा राहतो. तो काढण्यासाठी सुई वर धरून दट्ट्या दाबायची सगळ्यांना सवय. त्या वेळी औषधाचा बारीक फवारा उडतो आणि हातांवर, तोंडावर बसतो. माझ्या पानावर वाक्य होतं : 'सुई वर धरून हवा काढू नये.'

सिस्टरांनी ते वाचलं, पाणी ओढलं, आणि बुडबुडा तसाच ठेवून सिरिंज ट्रेमध्ये मांडली.

"सिस्टर, हवा?"

"काढू नये म्हणून लिहिलंय ना तुम्ही? मला जरा नवलच वाटलं. पण कंपनीने लिहिलंय, तर काही नवीन निघालं असेल म्हटलं."

हे पान गावोगावी गेलं असतं तर! दुसऱ्याच क्षणी मला असा काही आनंद झाला की तो लपवता येईना. चूक सापडली होती. तीही छापण्याआधी, डोळ्यांसमोर. मी पेन्सिल काढून तिथल्या तिथे लिहिलं : 'हवा काढायचीच. पण सुई बाटलीतून बाहेर काढण्याआधी, बाटलीच्या आतच काढायची.'

सिस्टरांनी बाहेर जाऊन दोन तरुण नर्सना हाक मारली. "अगं, इकडे या गं. या बाईंचं काम करायचंय." दोघींनी वाचलं, पाणी ओढलं, बुडबुडा बाटलीतच सोडला आणि सुई बाहेर काढली. टेबलावर एक थेंब उडाला नाही. मी टाळ्याच वाजवल्या. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. टांग्यात बसल्यावरही मी हसत होते. बशीवरचं झाकण उचलून स्वच्छ वर्तुळ दिसावं, तस्संच वाटत होतं मला.

अडचण आली ती विक्रीच्या मॅनेजरसाहेबांची. ते पान हातात घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आले. मी तिथेच होते.

"आपल्याच औषधाने हात चिरतात, हे आपणच छापून वाटायचं? दुकान बंद करायचं ठरवलंय का?"

डॉक्टर म्हणाले, "मला विचारू नका. लिहिलंय त्यांनी, त्यांनाच विचारा."

मोठ्या साहेबांसमोर बोलायची मला सवय नव्हती. पण तो दिवसच वेगळा होता. मी म्हटलं, "साहेब, हात चिरतात हे सिस्टरांना माहीतच आहे, त्यांचेच हात आहेत ते. आपण गप्प बसलो तर त्या औषध द्यायला कचरतील. कसं वापरायचं ते सांगितलं तर बिनधास्त वापरतील. कल्याणच्या सिस्टरांनी मला विचारलं, इतके दिवस कोणी सांगितलं का नाही? त्यांना मी काय उत्तर देऊ?"

त्यांनी पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. जाताना दारातून म्हणाले, "छापा. पण कंपनीचं नाव बारीक टाईपात, अगदी तळाशी."

ठाण्याच्या तलावाजवळच्या एका छापखान्यात ते पान छापलं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून तयार झालेला मजकूर मी उलटा वाचायचा प्रयत्न करत होते, तर छापखान्याचे मालक म्हणाले, "बाई, थांबा, सुलटा निघेल आता." पहिला कागद निघाला तो शाईच्या वासासकट मी घरी आणला. वडिलांनी तो शेजारच्या चार घरी दाखवला. कोपऱ्यावरच्या काकूंनी, मी लेखिका झाले असं ऐकून, "मग आमच्या महिला मंडळाच्या मासिकासाठी एक गोष्ट दे की," असा लकडा लावला. आपली मुलगी सुई बाटलीत ठेवायला सांगणारी लेखिका आहे, हे वडील त्यांना अभिमानाने समजावत राहिले.

महिन्याभरात मागण्या यायला लागल्या. हॉस्पिटलं आणखी प्रती मागत होती, डॉक्टर लिहीत होते की सिस्टरांनी पान भिंतीला चिकटवलंय. कल्याणच्या सिस्टरांनी मुद्दाम कळवलं की त्यांच्या पट्ट्या सुटल्या. मॅनेजरसाहेब स्वतः खाली येऊन म्हणाले, "दुसऱ्या छपाईत नाव जरा मोठं करा. वर टाका, वर."

त्यानंतर डॉक्टरांनी मला आपल्या खोलीशेजारी टेबल दिलं. माझ्या हुद्द्याला काय म्हणायचं ते कोणालाच ठरवता आलं नाही, म्हणून पगारपत्रकात मी कित्येक महिने संशोधन विभागातच राहिले. मला त्यात काही खोटं वाटत नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत मी हेच काम केलं. किती औषधं आली, किती पानं लिहिली.

पण त्या पहिल्या सोमवारी टेबल पुसून बसले, तर डॉक्टर गोळ्यांचा एक डबा घेऊन आले. क्षयाच्याच गोळ्या, मोठाल्या, कडवट. ताप उतरला की रोगी त्या घ्यायच्या बंद करतात आणि दुखणं उलटतं, असं ते सांगायला लागले. "आता हे रोग्यांसाठी लिहायचं. घरच्या माणसांसाठी. कुठून सुरुवात करता?"

"कल्याणहून," मी म्हटलं, आणि पर्स उचलली.