कडेचा उजेड

आमच्या गल्लीतले फिजिक्सचे सर वर्षातून चारदा एकच व्याख्यान देतात: ताऱ्यांच्या जागा मोजणारी अंतराळातली दुर्बीण. "अंधूक तारा ती केसभरही न चुकता मोजते बघा," असं म्हणून ते चष्मा पुसतात, "पण फार ठळक तारा आला की दिपून जाते." तेवढ्यात दाजीबानपेठेतले कापडवाले शेठ आले, तर सर वाक्य तिथंच टाकून दारापर्यंत धावतात.

परवा शेठ चार माणसं घेऊन आले. पडद्यावर ठळक तारे मोजण्याच्या नव्या रीतीचा आलेख होता. सरांनी पहिल्या रांगेतल्या साध्या साडीतल्या बाईंना हात केला. "अक्का, स्वल्प मागं बसता काय?"

बाई उठून शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या. मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं ते नाव समोर आलेखाखालीच छापलेलं होतं.

"सरांना सांगू काय?" मी म्हटलं.

"कशाला?" त्या शांतपणे म्हणाल्या. "ठळक ताऱ्याचा मधला भाग दिपूनच जातो. आम्ही कडेच्या उजेडावरून मोजतो. इथनं तुमचे सरही नीट मोजता येतात."