आन नाई झालं तं?

इंगळे सर घराला कुलूप लावायचे, ओढून पाहायचे, चार पावलं चालायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. मग काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला, ओढायला लावायचे. "माह्या हाताचा काय भरोसा," म्हणायचे. अकोल्याहून लग्नाला निघालेली ही दोघं फाटकाशी उभी राहून आळीपाळीनं कुलूप ओढताहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. सर रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहून फक्त विचारलं, "आन नाई लागलं असन तं?"

सर अमरावतीच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी नांदगाव खंडेश्वरची, त्यांची विद्यार्थिनी. पुढे मी अमरावतीतच सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागले आणि सर निवृत्त होऊन अकोल्याला घरी गेले. पण आमचं नातं तुटलं नाही, कारण सरांचा एक उद्योग होता. दवाखान्यात लशी ठेवायच्या फ्रिजवर नजर ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं होतं. फ्रिजमध्ये स्वस्तातला तापमापक बसवायचा. तापमान वाढलं की घंटी वाजते आणि नर्सबाईंच्या मोबाइलवर निरोप जातो. सरांनी ते इंटरनेटवर सगळ्यांना खुलं करून टाकलं होतं. कोणीही घ्या, वाचा, बदला, पैसा नको. यालाच ओपन सोर्स म्हणतात. हळूहळू नकाशात शोधावे लागतील अशा देशांतले लोक त्यात काम करू लागले, आणि त्यांच्या मागून मीही.

सरांचा एकच दंडक होता. मोठा बदल करायचा असेल तर कोडला हात लावण्याआधी प्रपोजल लिहायचं. काय बदलणार, कशासाठी, दुसरे कोणते मार्ग होते आणि ते का सोडले, काय बिघडू शकतं आणि शेवटी, बिघडलंच तर परत कसं फिरायचं. या शेवटच्या भागाला आम्ही 'परतीची वाट' म्हणायचो. प्रपोजल सगळ्यांसमोर उघड्यावर ठेवायचं, ज्याला जे म्हणायचं ते त्यानं तिथेच लिहायचं, आणि अखेरची मंजुरी सरांची. परतीची वाट नसलेलं प्रपोजल सर वाचतसुद्धा नसत.

माझ्या पहिल्या प्रपोजलमध्ये 'काय बिघडू शकतं' याच्याखाली मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, काहीच नाही. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"काहीच बिघडत नाई अशी वस्तू तुह्यापाशी हाय म्हन्ते?"

"हो सर."

"मंग मले दाखोव बाप्पा. मी इकत घेतो. आमच्या घरी तं नळ बिघडते, पंखा बिघडते, माहा गुडघा बिघडते."

मग त्यांनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. लाईट गेली तं? नर्सबाईचा फोन घरी राह्यला तं? तापमापकच खोटं बोलाले लागला तं? उत्तरं देता देता माझ्या कानाला लावलेला फोन गरम झाला. "तू इचार कर, बिघडलेली लस डोयानं दिसते काय?" सर म्हणाले. "चांगली दिसते तशीच दिसते. बाई लेकराले टोचते, माय घरी जाते, सारे खुश. आन त्या लेकराले काहीच भेटलं नसते." फोन ठेवल्यावर मला रडू आलं होतं, पण प्रपोजल मी पुन्हा पहिल्यापासून लिहिलं.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सर न पोळताच फुंकत. मुलीच्या लग्नात आचारी आजारी पडला तर म्हणून त्यांनी बाळापूरहून दुसरा आचारी आणून बसवला होता. पहिला ठणठणीत राहिला. दुसऱ्यानं दोन दिवस पत्ते खेळून, बुंदी खाऊन मुक्काम केला. सगळं वऱ्हाड सरांना चिडवत होतं. सर म्हणाले, "काही झालं नाई म्हून हासून राह्यले न तुमी? काही होऊ नये म्हूनच तं आनला होता त्याले."

काकू मात्र वैतागायच्या. "मन चिंती ते वैरी न चिंती, असं हाय यायचं," म्हणायच्या. काकूंचं खोटं नव्हतं. या माणसाबरोबर संसार करणं सोपं नसणार. पावसाळ्यात गच्चीवरचे कपडे, उन्हाळ्यात नळाचं पाणी, रेल्वे सुटण्याआधी दीड तास स्टेशनवर बसणं. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, इतक्या काळजीचा तुम्हाला त्रास होत नाही?" ते म्हणाले, "मनात ठेवली तं काळजी आजार होते, पोरी. लिहून काढली तं तिचं काम होते." प्रपोजल म्हणजे काय, याची इतकी नेमकी व्याख्या मला पुढे कोणीच सांगितली नाही.

गेल्या वर्षी मी एक प्रपोजल लिहिलं. फ्रिज नुसता उघडला तरी घंटी वाजते आणि नर्सबाई वैतागून ती बंदच करून टाकतात, अशा तक्रारी येत होत्या. म्हणून मी सुचवलं की तापमान वाढल्यावर अर्धा तास वाट पाहावी, आणि तरी ते उतरलं नाही तरच घंटी वाजवावी. नेहमीसारखं सरांकडे पाठवलं आणि प्रश्नांची वाट पाहत बसले. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "छान आहे. मंजूर."

मी आधी खूश झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांनी एकही प्रश्न विचारला नाही, म्हणजे आपण तयार झालो, असं वाटलं. सहकाऱ्यांना पेढेसुद्धा दिले. पण पेढा तोंडात असतानाच मनात पाल चुकचुकली. सर असे नाहीत. मी प्रपोजल पुन्हा काढलं आणि सरांच्या नजरेनं वाचायला बसले. लाईट गेली तं? गेली तर घंटी बॅटरीवर चालते. आली तं? आली, आणि पुन्हा गेली तं? लाईटवरून बॅटरीवर आणि परत लाईटवर जाताना दर वेळी यंत्र नव्यानं सुरू होत होतं आणि अर्ध्या तासाची मोजणी पुन्हा शून्यापासून. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट दुपारभर अशीच लपंडाव खेळते. फ्रिज तापत राहिला असता आणि घंटी कधीच वाजली नसती. बदल दवाखान्यांत जायला दोन दिवस उरले होते. मी तो थांबवला आणि अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला गेले.

दार काकूंनी उघडलं. सर आत झोपले होते. मी काही विचारायच्या आधीच काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आजकाल कुलूप एकाच खेपेले लावतेत न चालाले लागतेत." "पह्यले मले बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, सुटलं बाई यायचं डोकं. मंग दूध उतू गेलं तरी पाहत बसले. तवा भेव वाटलं." डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला होता. तो वाढत जाणार, हेही सांगितलं होतं. आयुष्यभर ज्या काळजीला नावं ठेवली, ती परत यावी म्हणून काकू आता देवाला विनवत होत्या.

अखेरची मंजुरी सरांकडे राहू देणं आता धोक्याचं होतं, हे मला परत येताना गाडीतच कळलं. ती काढून घ्यायची तर दंडकाप्रमाणे प्रपोजल लिहायला हवं, आणि ते जगभर उघड्यावर वाचलं जाणार. इतकं जड प्रपोजल मी कधी लिहिलं नाही. 'कशासाठी' याच्याखाली आजाराचं नाव घालवेना. शेवटी लिहिलं, जो प्रश्न विचारू शकतो त्यानंच मंजुरी द्यावी. 'काय बिघडू शकतं' हा भाग सगळ्यात लांबला, कारण सरांच्या हाताखाली शिकलेली मीच, म्हणून मंजुरी माझ्याकडे येणार होती आणि बिघडण्यासारखी सगळ्यात मोठी वस्तू मीच होते. परतीच्या वाटेखाली एकच ओळ लिहिली. सर पुन्हा प्रश्न विचारू लागले, की हा बदल मागे घ्यावा.

उघड्यावर टाकण्याआधी ते सरांना वाचून दाखवायचं मी ठरवलं आणि पुन्हा अकोल्याला गेले. चोरून करण्यासारखं ते काम नव्हतं. सर व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. मला ओळखलं, नांदगावचं विचारलं, थोड्या वेळानं पुन्हा नांदगावचं विचारलं. मी वाचत गेले. ते समोरच्या जास्वंदीकडे पाहत होते. ऐकताहेत की नाही कळत नव्हतं. मी शेवटची ओळ वाचली आणि कागद खाली ठेवला. काकू चहाचा कप हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या.

"हे ठरवन कोन?" सर म्हणाले.

"काय, सर?"

"तो सर बरा झाला म्हून. कोन ठरवन?" त्यांचे डोळे तेच होते, जुने, टोचून पाहणारे. "लिहलंच नाई तू."

प्रश्न बिनतोड होता. माझ्याच ओळीप्रमाणे ते प्रपोजल तिथल्या तिथे मागे घ्यायला हवं होतं. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. मी म्हटलं, "सर, तुम्हीच सांगा. कोणी ठरवायचं?"

सर पुन्हा जास्वंदीकडे पाहू लागले. मग त्यांनी काकूंकडून कप घेतला, एक घोट प्यायले आणि माझ्याकडे बघून हसले. "छान हाय," ते म्हणाले. "मंजूर."

प्रपोजल उघड्यावर गेलं. कोणीही विरोध केला नाही. 'कोण ठरवणार' याच्यापुढे मी माझं नाव घातलं आहे, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. येणारं प्रत्येक प्रपोजल मी आजही आधी सरांना पाठवते. काकू त्यांना ते वाचून दाखवतात आणि उत्तर येतं, छान आहे, मंजूर. ती मंजुरी मी धरत नाही. दिवसभर वाट पाहते, एखादा तरी प्रश्न येईल म्हणून. तो येत नाही. मग मी दार लावून बसते, प्रपोजल पहिल्या ओळीपासून वाचायला घेते आणि मोठ्यानं विचारते, आन नाई झालं तं?