जाम की पोपई?

मी पुण्याला निघाले त्याच आठवड्यात बाबांनी बांधावरचं जामाचं झाड तोडलं. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. डोणगावच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत उभे होतो तेव्हा माय बाबांशी बोलत नव्हती. लेक चालली त्यापेक्षा झाड गेल्याचंच हिला जास्त लागलंय, असं वाटून मला थोडा रागही आला होता.

बाबा मात्र खुशीत होते. बीटीचं बियाणं नवीन आलं होतं. अळी लागत नाही, म्हणत सगळ्या गावानं पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पार घराच्या भिंतीपर्यंत लावली होती. "सावलीत बोंडं धरत नाही," बाबा म्हणाले. "जाम काय, बजारात भेटते." गाडी सुटताना मायनं खिडकीतून एवढंच सांगितलं, "पोटभर खाजो व बाई. लाजू नको."

पुण्यात आहारशास्त्र शिकले आणि एका हॉस्पिटलमध्ये डाएटिशियन म्हणून लागले. पहिल्याच महिन्यात मधुमेहाचे एक निवृत्त गुरुजी आले. त्यांना गोड खायची फार सवय. मी म्हणाले, "संध्याकाळी बिस्किटांऐवजी एक जाम खात जा." पंधरा दिवसांनी ते परत आले तेव्हा साखर चांगलीच चढलेली. गुरुजी अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "मॅडम, प्रयत्न करतोय, पण पोळीला लावूनही जामची एक बाटली रोज संपत नाही हो."

मला आधी कळेचना. कळलं तेव्हा रडू आलं. गुरुजींना सगळं उलगडून सांगितलं, तर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "शब्द नाही चुकला तुमचा," म्हणाले, "गाव बदललं." त्या दिवसापासून मी पेरू म्हणू लागले. मग 'मले'चं 'मला' झालं, 'काऊन'चं 'का'. दोन-तीन वर्षांत मी कुठली ते ओळखू येईना, आणि याचा मला अभिमान वाटायचा. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बऱ्याच वर्षांनी धाकट्या भावाचा, सतीशचा, फोन आला. वेचणी करताना माय चक्कर येऊन पडली होती. मी निघून आले. मायच्या अंगात रक्त फार कमी झालं होतं. गोळ्या दिलेल्या होत्या, त्या ती रोज न चुकता घेत होती, पण चहासोबत. चहानं त्यातलं लोह अंगी लागत नाही, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आणि जेवण म्हणाल तर भाकर, वरण, कधी चिवळीची भाजी. घराभोवती नजर पोचेल तिथवर पांढरं सोनं आणि खायला एक फळ नाही. मी शहरात परक्यांना ताटं आखून देत होते आणि माझी माय इकडे अशी.

मी चहा बंद केला. जेवणाबरोबर जाम खा म्हणाले, सतीशनं तो बाजारातून आणला. मायनं विचारलं, "जामच काऊन? पोपई नाही चालत? ती मऊ असते."

मग मी तिला समजावलं. जामात सी जीवनसत्त्व संत्र्यापेक्षाही कितीतरी जास्त, त्यानं भाजीभाकरीतलं लोह अंगी लागतं. बिया आणि साल धरून खाल्ला तर पोट साफ. पपई डोळ्यांना चांगली, पचायला हलकी, आजाऱ्याला आणि दात नसलेल्याला सोसते. रक्तासाठी मात्र जाम पहिला.

बाबा खाटेवर बसून ऐकत होते.

त्या वर्षी बोंडअळी आली. जिला लागत नाही म्हणत होते, तीच पऱ्हाटी आतून पोखरली गेली. उन्हाळ्यात बाबांनी विहिरीजवळचा पाऊण एकर मोकळा केला आणि जामाची कलमं लावली, मधल्या जागेत पपई. शेजारचे सलीमचाचा बांधावर येऊन म्हणाले, "पगला गये क्या भाऊ? कापसाच्या रानात बगिचा?" बाबा म्हणाले, "हाव. पोपई वर्षात येईन, जाम मागून येईन. तंवर पोपई खाऊ." मग हळूच, मायला ऐकू जाईल इतपत, पुढं जोडलं, "बांधावरचा जाम तोडाले नव्हता पाहिजे."

त्या दिवशी कितीतरी वर्षांनी मायनं बाबांचं ताट स्वतःच्या ताटाशेजारी मांडलं.

पपई दोन हंगाम चांगली आली, मग रोगानं गेली. जाम टिकला. मायचं रक्त सावकाश भरलं, ती आता माझ्यापेक्षा भराभर चालते. सलीमचाचांनीही गेल्या वर्षी बाबांना विचारून वीस कलमं लावली. कापूस अजून आहे, उरलेल्या रानात. तो सुटत नाही आणि सोडून भागतही नाही.

आधी मी फोन केला की माय पहिल्याच वाक्याला विचारायची, "कधी येतं व?" आणि मी अपराधीपणानं रजेचं कारण पुढे करायचे. परवा केला तर मागून क्रेटचा आवाज, बायांचं हसणं. माय म्हणाली, "मंग कर बाई, आता जामाचा तोडा चालून राह्यला." आणि फोन ठेवूनच दिला.

क्षणभर वाईट वाटलं. मग बरं वाटलं, फार बरं. घरी आता माझी वाट पाहायला कोणाला सवड नाही. म्हणूनच आता कारणं न शोधता तिकडे जावंसं वाटतं.