जबानीखालची शेवटची ओळ

“बाई, काहून थांबल्या? ते ओळ टाइप करून टाका ना,” हेडक्लार्क म्हणाले.

ती ओळ म्हणजे जबानीच्या तळाशी येणारं वाक्य: वाचून दाखवलं, बरोबर असल्याचं मान्य केलं. दारव्ह्याच्या आमच्या तहसील ऑफिसात ते आधीच टाइप व्हायचं. वाचून कोणीच दाखवत नसे. अंगठा घेतला की काम संपलं.

मला नोकरीला चार महिने झाले होते. नवं राज्य होऊन वर्ष लोटलं, तरी आमच्या फायली इंग्रजीतच चालत. म्हणूनच इंग्रजी टाइप करायला मला घेतलं होतं.

समोर सक्रीबाई उभी होती, तांड्यावरची विधवा. शेत तिच्या नावावर राहणार की दिराच्या, हे या जबानीवर ठरणार होतं. ती बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलायची, तांड्याचे नाईक मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत टाइप करायची. ती हात हलवत बराच वेळ बोले. नाईक दोन वाक्यांत आटपत. सकाळी ते आणि दीर एकाच बैलबंडीतून उतरलेले मी खिडकीतून पाहिले होते. माझा त्यांच्यावर भरवसा बसेना. टाइप करतानाही मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही.

नोकरीच्या मुलाखतीत तहसीलदार साहेबांनी माझी तत्त्वं विचारली होती. मी शाळेच्या भिंतीवरची सांगितली: सत्य, सेवा, शिस्त. त्या ओळीपाशी थांबले तेव्हा मात्र तिन्हीतलं एकही आठवलं नाही. एवढंच कळलं, की ही ओळ आत्ता माझ्या हातून उमटणार नाही.

“आधी वाचते,” मी म्हणाले. आवाज फार हळू आला.

“कॉन्व्हेंटवाल्या बाई आहेत, साहेब,” हेडक्लार्क हसले. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मान हलवली.

मी मराठीत वाचत गेले, नाईक तिला सांगत गेले. ‘शेत दिराला दिलं’ इथे सक्रीबाईने अंगठा मुठीत लपवला.

मी नाईकांकडे पाहिलं. आता सापडले, असंच वाटलं.

“बाई,” ते शांतपणे म्हणाले, “पोरगा हाताशी येईपर्यंत कसाले दिलं, असं मी सांगतलं होतं. तुम्ही तं माह्या तोंडाकडंच पाहून राह्यल्या होत्या.”

कागदावर ‘पोरगा हाताशी येईपर्यंत कसायला’ एवढं नव्हतं. गाळलं होतं मी. साहेबांना तसं सांगितलं आणि नवा कागद चढवला. पुन्हा वाचलं, तेव्हा सक्रीबाईने अंगठा दिला. शेत तिच्याच नावावर राहिलं.

आता कोणी तत्त्वं विचारली तर एकच सांगते: जबानी वाचून दाखवल्यावरच मी ती ओळ टाइप करते. संशय माझा माझ्यावरच असतो, ते मात्र सांगत नाही.