गुडवाइगच्या मागून डोंगर ओलांडताना

आमच्या हाउकेली डोंगरावर हिवाळ्यात एकच कायदा चालतो, त्याचं नाव गुडवाइग. ई-१३४ हा मोठा रस्ता या डोंगरावरून पश्चिमेच्या समुद्राकडे उतरतो. लिथुआनियाचे, पोलंडचे ट्रक मासे न्यायला याच वाटेने येतात. वादळ सुटलं की दोन्ही बाजूंची फाटकं पडतात आणि एकट्यादुकट्याला जाता येत नाही. पुढे गुडवाइगचा बर्फ सारणारा ट्रक, मागे ओळीने पंधरा-वीस गाड्या आणि कुणी मागे राहू नये म्हणून सगळ्यांत शेवटी माझी जीप. एकोणीस हिवाळे मी या बाईचं शेपूट आहे. ती मला हाकही तशीच मारते.

बाई एकसष्टीची, उंचीने एवढीशी. सीटवर दोन उशा घेतल्याशिवाय तिला काचेतून रस्ता दिसत नाही. पण तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. एकदा एक बडा पुढारी सभेला उशीर होतोय म्हणून तणतणत उतरला. हिने त्याच्या पायांकडे बघितलं. पातळ, चकचकीत बूट.

"मोजे कुठायत?"

"मी कोण आहे माहितीये का तुम्हाला?"

"वर गाडी अडकली तर बोटं झडतील, मग ओळख सांगत बसा. जा, लोकरीचे मोजे घालून या."

गेला बिचारा. आणि मोजे घालून आलासुद्धा.

या कडकपणाचा फटका मात्र घरच्यांना बसला. तिची एकुलती एक मुलगी सुन्निवा पलीकडच्या खोऱ्यात, रोल्डालला राहते. तिच्या लग्नात, फाटकावरचं वादळ निवळल्यावर आई पोचली तेव्हा वाद्यं खोळीत गेली होती आणि केकची ताटली तेवढी उरली होती. सुन्निवा काही बोलली नाही. आमच्याकडे माणसं रागावली की बोलत नाहीत, हाच तर त्रास आहे.

म्हणून नातीच्या बाप्तिस्म्याला वेळेवर यायचंच, असा शब्द गुडवाइगने दिला होता. ईस्टरचा रविवार, सकाळी अकरा, रोल्डालचं चर्च. आठला गाड्या घेऊन निघायचं, पलीकडे ट्रक दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि मोकळं व्हायचं. स्वतःचा नवा झगा तिने सीटमागे टांगून ठेवला होता.

पहाटेच वारा सुटला. सात वाजता निरोप आला की पलीकडे तिच्याकडून ट्रक घेणारा माणूस तापाने फणफणलाय. म्हणजे पोचली तरी तिकडची रांग घेऊन तिलाच लगेच परत फिरावं लागणार. आणि कळस म्हणजे आमच्या रांगेत चौथ्या गाडीत खुद्द पाद्री आस्लाक. बाप्तिस्मा द्यायला तोच निघालेला.

साडेनऊला तो काच खाली करून म्हणाला, "गुडवाइग, वारा पडलाय गं जरा. निघूया की! नात तुझी आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मग ती माझ्या जीपमध्ये येऊन बसली. हातमोजे काढले, पुन्हा घातले. "शेपटा, तू सांग. वारा खरंच पडलाय की मला पडल्यासारखा वाटतोय? आज माझ्या नजरेवर माझाच भरवसा नाही."

माझा स्वभाव भित्रा, हे अख्ख्या गावाला ठाऊक. बर्फात रस्ता कळावा म्हणून कडेला रोवलेल्या दांड्यांपैकी पुढच्या दांडीपलीकडची दांडी मला दिसत नव्हती. मनात होतं हो म्हणावं. तरी म्हणालो, "नाही पडलेला."

"बरं," ती म्हणाली. तेवढ्यात सुन्निवाचा फोन आला.

"आई, कुठे आहेस?"

"फाटकावर."

"वाटलंच मला."

"पाद्रीपण इथेच आहे."

पलीकडे सुन्निवाला हसू फुटलं. "म्हणजे या वेळी तुझ्याशिवाय सुरू करायची सोयच नाही!"

एक वाजता वारा खरोखर पडला. लोकांनी संत्र्याची सालं आवरली, थर्मासची झाकणं लावली आणि आम्ही निघालो. पाऊण तासाने पश्चिमेच्या फाटकावर पोचलो; रोल्डालचं चर्च तिथून खाली जवळच. तिथे परतीच्या बावीस गाड्या सकाळपासून ताटकळत उभ्या. पाच वाजता वारा पुन्हा सुटणार, असा अंदाज होता. गुडवाइगने झग्याकडे एकदा बघितलं आणि ट्रक वळवून रांगेच्या तोंडाशी उभा केला.

"आस्लाक, तू जा. सुन्निवाला सांग, आई—" वाक्य तिथेच सोडून तिने हातमोजे चढवले.

पाद्री निघाला, पण त्याची गाडी गोगलगायीसारखी चाललेली. रांगेतल्या एकेका गाडीपाशी थांबायचा, काच खाली करून काहीतरी बोलायचा आणि पुढे सरकायचा. मला वाटलं, ईस्टरच्या शुभेच्छा वाटतोय.

गुडवाइग पहिल्या गाडीपाशी गेली. मासे भरलेला लिथुआनियाचा ट्रक, चालकाचं नाव गिंतारास.

"डिझेल आहे? गरम कपडे?"

"सगळं आहे, बाई. इंजिनच चालू होत नाही."

तिने मागे बघितलं. नळीतून धूर भसाभस येत होता.

"हा धूर कसला मग?"

गिंतारासने घाईघाईने किल्ली फिरवली. धूर थांबला. "बघा, बंदच पडलं."

दुसऱ्या गाडीत मिशीवाले आजोबा. "माझीपण बंद आहे." तिसरीतल्या बाईंनी नुसते हात वर केले. मागून पटापट आवाज थांबत गेले आणि बावीस गाड्यांची रांग चिडीचूप झाली. आमचीच माणसं ही! एरवी शेजाऱ्याला नमस्कार करायचा तरी दोनदा विचार करतात.

गुडवाइग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पाचला पुन्हा वारा आहे. उशीर झाला तर सगळे रात्रभर इथेच अडकाल."

"माहितीये," आजोबा म्हणाले.

"किती वेळ लागेल दुरुस्तीला?" तिने गिंतारासला दरडावून विचारलं, पण आवाज फाटलाच.

गिंतारासने डोकं खाजवलं. "बाई, तुमच्याकडे बाप्तिस्म्याला किती वेळ लागतो?"