नानांनी निवडलेला दिवा

ओंकार आणि मीरा, हे तुम्हा दोघा नातवंडांना हाताने लिहिते आहे, कारण फोनवर इतकं बोलण्याचं त्राण आता राहिलेलं नाही. ओंकार, तू जुनी मोटार घेतलीस आणि मला लिहिलंस, की इंजिनाच्या कामाला दिवा कोणता घ्यावा ते नानाआजोबांना विचारून कळव. मी शुक्रवारी जाणार होते. बुधवारी सकाळी त्यांच्या सुनेचा फोन आला. "काकू, नाना गेले. चहा मागितला, मी घेऊन येईपर्यंत..." त्याला आता पाच आठवडे झाले. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येतं. पण ते नीट द्यायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, जी मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितली नाही. आता सांगितली नाही तर राहून जाईल.

पन्नासच्या दशकात मी लग्न होऊन चिंचवडला आले. तुमचे आजोबा पिंपरीच्या कारखान्यात पाळीवर जायचे. नाना त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर. मी त्यांना भाऊजी म्हणायची. मुंबई-पुणे रस्त्याला लागून आमचं घर होतं आणि घराला लागून पत्र्याच्या छपराखाली त्यांचं गॅरेज. घाट चढून दमलेल्या गाड्या तिथे येऊन थांबत. गाड्यांची पुस्तकं सगळी इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटी. दुपारची कामं उरकली की मी स्टुलावर बसून पुस्तक वाचायची आणि मराठीत सांगायची. भाऊजी बॉनेटखालून म्हणायचे, "वहिनी, विद्यापीठाने तुम्हाला पदवी दिली ती कार्बोरेटरसाठी, हे कुलगुरूंना एकदा कळवलं पाहिजे."

तेव्हा ते कंदिलावर काम करत. कंदील एका हातात धरला तर पाना धरायला एकच हात उरायचा, आणि काचेवर काजळी. मग घरात वीज आली आणि आम्ही दोघं पुण्याला जाऊन हातदिवा घेऊन आलो. दुकानदाराने तीन दिवे मांडले. मी प्रत्येकावरचं इंग्रजी वाचलं आणि सगळ्यांत प्रखर तो निवडला, शंभर वॅटचा, भोवती तारेची जाळी असलेला. "एवढा उजेड माझ्या डोळ्यांत येईल वहिनी, इंजिनात नाही," भाऊजी म्हणाले. मी म्हटलं, उजेड जास्त तर दिसेलही जास्त. त्यांनी तो मुकाट्याने काखेत मारला. दिव्याला स्वतःचं बटण नव्हतं. ते दाराशेजारच्या लाकडी बोर्डावर होतं.

त्या बोर्डाला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी हळदकुंकू लावलं. तिन्हीसांजेला दिवा लागला की त्या हात जोडत, मग तो देवापुढचा असो की गॅरेजमधला. आणि एकदा लावलेला दिवा अंधार पुरता पडेपर्यंत मालवायचा नाही, ती लक्ष्मी यायची वेळ, हा त्यांचा नियम विजेच्या दिव्यालाही लागू होता. मला मनातून हसू यायचं. पण पाळत मीही होतेच.

एकदा कुरुळीच्या बाबूरावांची टॅक्सी आली होती. शेतकरी माणूस, हौसेने गाडी घेतलेली. पेट्रोल कुठूनतरी गळत होतं. संध्याकाळ होत आली तशी मी दिवा लावला आणि पुस्तक घेऊन बसले. दिवा बॉनेटच्या आत आकड्याला टांगलेला. बाबूराव बाहेर बाकावर. भाऊजींनी पेट्रोलची नळी आवळणारी चक्री सैल केली आणि अचानक धार लागली. त्यांनी नळीचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं, दुसरा हात इंजिनात अडकलेला.

"वहिनी, दिवा बंद करा. आधी दिवा."

मी बोर्डाकडे गेले. बटणावर बोट ठेवलं. आणि घरातून सासूबाईंचा आवाज आला, "सुधा, आत्ताच लागलाय दिवा, तिन्हीसांजेला मालवू नकोस गं!"

मी थांबले. किती वेळ? तुम्हाला हे वाक्य वाचायला लागेल तेवढाही नसेल. मागे वळून "आई, पेट्रोल..." एवढंच म्हणाले. तेवढ्यात अंगठ्याखालून पेट्रोल उडालं, तापलेल्या काचेवर पडलं, बल्ब फुटला आणि भप्पकन जाळ झाला. बाबूराव धावत आले, खांद्यावरचं घोंगडं त्यांनी भाऊजींच्या हातावर टाकलं आणि गच्च आवळून धरलं. जाळावर माती लोटली. भाऊजी म्हणत होते, "तुमची गाडी, बाबूराव..." त्यावर ते ओरडले, "गाडीला काय धाड भरलीय! आदी हात बगू द्या राव!"

उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता. डॉक्टरांनी सांगितलं, हात राहील, पण बोटं पूर्वीसारखी वळतील असं नाही. ज्या माणसाला हातांखेरीज दुसरी विद्या नाही, त्याला हे सांगितलं. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "दिवा चालू कसा राहिला रे?" मी समोरच उभी होते. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "मीच सांगायचं विसरलो." आणि मी गप्प बसले. शिकलेली, नवी सून, सगळ्यांसमोर शब्द फुटला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग न बोलण्याचीच सवय झाली.

चार महिने गॅरेज बंद होतं. करंगळी आणि शेजारचं बोट आखडलं ते आखडलंच. त्या महिन्यांत भाऊजी ओसरीवर बसून फक्त दिव्यांचा विचार करत. लोकांकडून दिवे मागून आणत आणि पारखत. बल्बजवळ तळहाताची मागची बाजू धरायची. हात तिथे ठेवता येत नसेल तर तो दिवा बाद. नंतर दिवा इंजिनात टांगून स्वतः वाकून बघायचं. उजेड डोळ्यांवर आला तर तोही बाद. मग पुरुषभर उंचीवरून पोत्यावर टाकून, फुटतो का ते बघायचं. मी एकदा विचारलं, "प्रखरपणा नाही बघत?" "तो सगळ्यांत शेवटी," ते म्हणाले. ते टोचून बोलले नव्हते. मला टोचलं.

शेवटी त्यांनी दिवा घरीच केला. मोटारीचा छोटा बल्ब, गाडीच्याच बॅटरीवर चालणारा. त्यावर जाड काच आणि जाळी. डोळ्यांच्या बाजूला तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा आडोसा. बाभळीची मूठ, डाव्या हाताने तासलेली. बटण दिव्यावर नाही, तर वायरवर, काम करणाऱ्याच्या कमरेपाशी येईल असं. मी कारण विचारलं. "पेट्रोलजवळ ठिणगी नको," ते म्हणाले, आणि पुढे, "आणि बंद करायला दुसऱ्या कुणाला सांगायलाही नको." ओंकार, तुला हवं ते उत्तर हेच. आता तापत नाहीत असे दिवे मिळतात; त्यातला पेट्रोलच्या वाफेत चालेल असा, पूर्ण बंदिस्त बघून घे. बटण तुझ्या हाताशी असू दे. आणि पेट्रोलची नळी उघड्या हवेत, इंजिन गार झाल्यावर सोड.

आठ बोटांवर त्यांनी पुढे चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा ते खाटेवर होते, आम्ही दोघंही थकलेलो. मीच मग म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी बटणावर माझं बोट होतं. मी थांबले."

"माहीत आहे. मला तिथून दिसत होतं."

"आईंना तुम्ही..."

"आईलाही माहीत होतं, वहिनी. जायच्या आधी तिनेच मला सांगितलं. म्हणाली, मी हाक मारली नसती तर पोरीने दिवा मालवला असता. सुधाला सांगू नकोस, मला कळलंय ते." मग ते म्हणाले, "तुम्ही दोघी एका चुलीशी इतकी वर्षं बसलात... मला वाटायचं, कुणीतरी एक बोलेल."

आम्ही बोललो नाही. सासूबाई आणि मी, रोज एकत्र पोळ्या केल्या, त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांचे केस विंचरले, आणि दोघी तेच एक ओझं आपापलं वेगळं वाहत राहिलो. हे तुम्हाला लिहिण्याचं कारण तेवढंच. तुमच्या दोघांत असं काही असेल तर वेळेवर बोला.

गॅरेज राहिलेलं नाही. रस्ता रुंद झाला त्यात घराची ओसरीही गेली. भाऊजींचा दिवा त्यांच्या सुनेने मला आणून दिला. पत्रा गंजला आहे, वायर दोनदा बदललेली आहे, काच नंतरची आहे. वायरवरचं बटण मात्र त्यांनी बसवलेलं तेच आहे, आणि ते चालतं.